कराडची आगळी सहल

बालमित्रांनो, कराड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? प्रीतिसंगम! कृष्णा आणि कोयना समोरासमोरून धावत येतात आणि एकमेकींना कडकडून भेटतात. जानेवारी २०२४ मध्ये पाटण खोऱ्यातली आमची छोटी शाळा लाल एसटीत बसून तिथे गेली. घाटावर डबे खाल्ले, पाण्याकाठी गोटे वेचले. पण खरी सहल पुढेच होती. आम्ही गेलो चक्क एका रक्तपेढीत!

"ही कसली सहल?" असं म्हणून नाक मुरडू नका हं. त्याला कारण होती चौथीतली एक मुलगी. आपण तिला चिमणी म्हणू. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला डेंग्यू झाला आणि कराडच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी भेटायला गेले, तर तिचे बाबा हवालदिल. "बाई, पांढऱ्या पेशी बावीस हजारांवर आल्यात!"

गावाकडे सगळे तसंच म्हणतात. पण त्या पांढऱ्या पेशी नव्हेत बरं का! त्या रक्तपट्टिका, म्हणजेच प्लेटलेट्स. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. कुठे खरचटलं की त्या धावून जातात, जखमेला आणि एकमेकींना चिकटतात आणि गळती बंद करतात. त्या एवढ्या कमी झाल्यावर बापाचा जीव खालीवर होणारच.

बाबा पिशवी आणायला निघाले होते. डॉक्टरांनी थांबवलं. "तिला कुठे रक्तस्राव नाही. सलाईन चालू आहे, आमचं लक्ष आहे. आणि रिपोर्ट बघा. पट्टिका थोड्या आहेत, पण मोठ्या मोठ्या दिसताहेत. नव्या यायला लागल्यात." ती रात्र आम्ही बाकावर बसून काढली. तिसऱ्या दिवशी आकडा पन्नास हजारांवर गेला आणि आठवड्याभरात चिमणी घरी आली.

पण 'मोठ्या म्हणजे नव्या' हे काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून ही सहल!

रक्तपेढीतल्या काकांनी आधी लाल पिशव्यांचं थंडगार कपाट दाखवलं. मग दुसरं कपाट. त्यात फिकट पिवळ्या पिशव्या संथपणे हलत होत्या, जणू पाळण्यात बाळं! "रक्तपट्टिकांना थंडी सोसत नाही," काका म्हणाले. "त्यांना २० ते २४ अंशांत ठेवायचं आणि सारखं हलवायचं. तरी पाचच दिवस टिकतात." त्यांनी एक पिशवी उजेडात धरून हलकेच हलवली. आत धुरासारखी चमकती वलयं फिरली. पट्टिका ठणठणीत असल्याची ती खूण!

मग सूक्ष्मदर्शक. मुलांनी रांग लावली. रंगवलेल्या काचपट्टीवर लाल पेशींच्या गर्दीत जांभळे कण दिसत होते. काही बारीक, काही जरा मोठे, एखादा तर चांगलाच थोराड. या कणांची नीट ओळख करून दिली ती इटलीतल्या तुरीन शहरात जुलिओ बित्सोत्सेरो यांनी, १८८२ मध्ये. साधारण तीन-चारशे पट्टिका ओळीने मांडाव्यात, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल.

चिमणीच्या मुठीत अजून नदीतले गोटे होते. तिने विचारलं, "काका, गोटे जसे वाहून वाहून झिजतात, तशा या पण झिजून बारीक होतात का?"

काका खूश झाले. "शाब्बास! काही शास्त्रज्ञांनाही पूर्वी असंच वाटायचं. पण आकार बराचसा जन्मतःच ठरतो. हाडांच्या मगजात भल्यामोठ्या पेशी असतात. त्यांचे तुकडे सुटून पट्टिका बनतात. एका पेशीतून हजारो! सगळे तुकडे सारखे कसे पडतील? आईने लाटलेल्या पोळ्या तरी कुठे एका मापाच्या असतात? मात्र रक्तात पट्टिका कमी पडल्या की मगज घाईने नव्या पाठवतो, आणि त्या सरासरीने मोठ्या असतात. म्हणून मोठ्या वाढल्या की नवी कुमक आली असं समजतात. पण प्रत्येक मोठी पट्टिका नवीच, असं नाही हं."

"मग म्हाताऱ्या झाल्यावर?"

"आठ-दहा दिवसांचंच आयुष्य त्यांचं. मग प्लीहा आणि यकृत त्यांना मोडीत काढतात. आपल्या शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या तयार होतात."

चिमणी बोटांवर मोजत बसली. मग हळूच म्हणाली, "बाई, म्हणजे ऑगस्टमधल्या माझ्या पट्टिकांपैकी आता एकही नाही?"

"एकही नाही. सगळ्या नव्या!"

ती खुदकन हसली. मला मात्र तो दवाखान्यातला बाक आठवला.

परतीच्या एसटीत मुलांनी दोन गोष्टी ठरवल्या. घरातली पिंपं आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची, म्हणजे डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला जागा नको. आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की रक्तदान करायचं. तुम्हीही ठरवाल ना?