राजमा, चिप्स आणि डोकेदुखी

आमच्या पोकरची सुरुवात राजम्याने झाली. म्हणजे खरंच, किराण्यातल्या राजम्याने! मग एका शनिवारी लक्षात आलं, टेबलावरचे दाणे वाढतायत आणि किचनमधला डबा रिकामा होतोय. चोर कोण, ते अजून कळलेलं नाही. (मला संशय आहे.)

तेव्हा ठरलं, चिप्स घ्यायच्या. ५०० चिप्स, अ‍ॅल्युमिनियमची पेटी, एकदम कसिनो स्टाईल! पण कागद-पेन घेऊन बसले तर गणित वेगळंच निघालं. आठ जणं, प्रत्येकाला ५००० पॉइंट्स. म्हणजे २५च्या ८, १००च्या ८, ५००च्या ४ आणि १०००च्या २. माणशी २२, एकूण १७६. बस्स! ब्लाइंड्स वाढले की २५च्या चिप्स नुसती अडगळ. त्या गोळा करून मोठ्या द्यायच्या, म्हणून मोठ्या थोड्या जास्त. सुट्या २०० घेतल्या, आकडे न छापलेल्या. किंमत काय, आपणच ठरवायची.

एन्ट्री फी मात्र काढून टाकली. ग्रुपमधला एकजण नोकरी गेल्यापासून दर शनिवारी ‘डोकं दुखतंय’ म्हणायचा. ती पाचशे रुपयांची डोकेदुखी होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरमालकांना पैशांचा खेळ चालत नाही, अशी थाप मी सगळ्यांना मारली. आता पहिला आऊट होईल त्याने भांडी घासायची.

परवा तो आला. चिप्स मोजून घेतल्या, अर्ध्या तासात ऑल-इन, आऊट! आणि सिंकपाशी उभा राहून ओरडला, ‘घासणी कुठेय गं?’