आईची वेठ आणि अपंगांचा पगारी मदतनीस

"अपंगांना पेन्शन मिळते, एसटीत सवलत मिळते, कुबड्या मिळतात. आता आणखी काय हवं?" हा प्रश्न आम्हाला तहसील कचेरीत विचारला जातो आणि आपल्याच चळवळीच्या बैठकांतही. आमचं उत्तर एका शब्दाचं आहे. माणूस हवा. ज्याला स्वतः उठता-बसता येत नाही, त्याने स्वतः निवडलेला आणि सरकारी तिजोरीतून पगार घेणारा मदतनीस हवा.

दाखल्यांच्या कामासाठी आम्ही आशागडच्या आसपासच्या पाड्यांवर फिरतो. तिथल्या एका घरात पंचविशीतला तरुण आहे. दोन्ही पाय आणि एक हात निकामी. त्याला उचलणं, संडासला नेणं, अंघोळ घालणं, भरवणं, सगळं आई करते. दिवाळीनंतर पाड्यावरची कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, तिला जाता येत नाही. जवळच्या चिकूच्या वाडीत रोजावर गेली तर हा सकाळपासून पाणी पीत नाही. पाणी प्यालं की लघवीला न्यायला कुणी नाही! त्याला बारावीला बसायचं आहे. फॉर्म भरलेला नाही, कारण केंद्रावर नेणार कोण? तुला काय हवं, असं विचारल्यावर तो खाली बघून म्हणाला, "माझ्या वयाचा कोणी पोरगा हवा. आता आईने अंघोळ घालायला नको वाटतं."

त्याने पैसे मागितले नाहीत, हे लक्षात घ्या.

संजय गांधी निराधार योजनेत अपंगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा १५०० वरून २५०० रुपये झालं. वाढ झाली, चांगलं झालं. पण दिवसाला पडतात ८३ रुपये. यात त्याने पोट भरायचं की माणूस ठेवायचा?

कायदा मात्र बराच पुढे आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५ मध्ये जगण्यासाठी लागणारं वैयक्तिक साहाय्य उपलब्ध करून देण्याची गोष्ट आहे, तीही वय आणि लिंग लक्षात घेऊन. कलम २४ मध्ये जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता आहे, त्याला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी शेपटी जोडून. (याच सुमारास अपंगांना 'दिव्यांग' हे नाव मिळालं. 'हरिजन' शब्दाचा अनुभव असलेल्या आपल्याला देवाच्या नावाने होणारं बारसं नवं नाही. आम्ही अपंगच म्हणतो.) आणि क्षमता नाही म्हणावं, तर केंद्र सरकारच्या सेवेत शंभर टक्के अपंगत्व येऊन पूर्ण परावलंबी झालेल्या निवृत्तांना माणूस ठेवण्यासाठी वेगळा भत्ता आहेच. सातव्या वेतन आयोगानंतर तो ४५०० वरून ६७५० झाला. म्हणजे माणूस लागतो आणि त्याला पैसे लागतात, हे सरकारला मान्य आहे. फक्त पाड्यावरच्या पोराच्या बाबतीत सरकार म्हणतं, आई आहे ना!

आमचा खरा राग या "आई आहे ना" वर आहे. याच भूमीत वारली माणसं जमीनदाराकडे वेठ करत होती. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघे लग्नगडी होऊन राबायचे. १९४५ मध्ये झरीपासून उठाव पेटला, तलवाड्यात गोळ्या चालल्या, पण वेठ संपली. पुढे संविधानाच्या कलम २३ ने बिगारीवर बंदी घातली. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. आईची माया कोर्टात बिगार ठरणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण जे काम सरकारने करायचं, ते एका बाईकडून आयुष्यभर फुकट करून घ्यायचं आणि वर तिला 'माऊली' म्हणायचं, याला दुसरा कुठला शब्द आहे?

आता मित्रांनो, अडचणीची बाजू. उद्या योजना आली तर हे काम कोण करणार? दुसऱ्याची घाण काढणं या देशात कोणाच्या माथी मारलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याच बाया-पोरं येतील, आणि ठेकेदारामार्फत येतील. 'सेवा' म्हणून मानधनावर येतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला याच तालुक्यात अंगणवाडीची वाट पाडली. तो विचार देशभर गेला, पण अंगणवाडीताई आजही मानधनावरच आहे. म्हणून आमचं म्हणणं आहे की मदतनीस पहिल्या दिवसापासून कामगार हवा. किमान वेतन, आठ तास, आठवड्याची सुट्टी, भविष्य निर्वाह निधी. नमुना बाहेर शोधायची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंख्य मालकांकडे विखुरलेल्या हमालांची मंडळाकडे नोंद केली. मजुरी आणि लेव्ही मंडळात जमा होते, तिथून कामगाराला मिळते. तसंच मंडळ इथे का नको?

निवड मात्र अपंग माणसाचीच हवी. स्वीडनमध्ये १ जानेवारी १९९४ पासून लागू झालेल्या कायद्यात मदतीचे तास ठरतात, त्यांचा पैसा मिळतो, आणि मदतनीस महापालिकेकडून घ्यायचा, सहकारी संस्थेकडून की स्वतः नेमायचा, हे ती व्यक्ती ठरवते. आपल्याकडे हे ग्रामपंचायतीच्या मर्जीवर सोडलं तर सरपंचाचा पुतण्या मदतनीस होईल आणि पगार घरी बसून घेईल. आणि अंगाला हात लावायला कोण तयार होतं, कोण नाही, यात जात डोकं वर काढणारच. काम नाकारण्याचा हक्क मदतनिसाला हवा, पण जातीवरून नाकारणाऱ्याला या कामात जागा नसावी. हा नियम माणूस ठेवणाऱ्यालाही तितकाच लागू. आपल्या जातीचाच मदतनीस पाहिजे, असं म्हणणारे अपंग आम्ही पाहिले आहेत.

कायद्याची लढाई लांबची आहे. तोवर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. वर्षाअखेरीस थोडे थोडे पैसे वाटून फोटो काढला की तो संपतो. येत्या ग्रामसभेत आम्ही लेखी विचारणार आहोत: या निधीतून परीक्षेच्या दिवसांपुरता तरी, किमान वेतनाने, त्या तरुणाला त्याच्या पसंतीचा मदतनीस देता येईल का? नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या. तुमच्या गावातही हा अर्ज टाका. नमुना आमच्याकडे तयार आहे.