हे तर कुणालाही सुचलं असतं!

मागच्या रविवारी टेबलावर कागद पसरून बसले होते. पेटंटच्या कामात मी नवीनच आहे. विमानाच्या इंजिनाचा आवाज शोषणाऱ्या अस्तराबद्दलचं एक जुनं अमेरिकन अपील वाचून मला टिपण लिहायचं होतं. बाबा चहा-खाखरा घेऊन आले आणि आकृतीवर वाकले. बडोद्यातल्या एका कारखान्यात त्यांनी ३४ वर्षं फिटर म्हणून काढली.

"हे काय गं, मधाचं पोळं?"

जवळजवळ तसंच! वर बारीक छिद्रांचा पत्रा, मध्ये षटकोनी कप्पे, मागे बंद पत्रा. छिद्रांतून आवाज आत शिरतो, तिथली हवा थरथरते आणि आवाजाची बरीच ऊर्जा उष्णतेत विरून जाते. कप्पा खोल केला तर खालच्या पट्टीचा आवाज दबतो, उथळ केला तर वरच्या.

"मग भांडण कशाचं?"

"अर्जदार म्हणतो, आमचं साहित्य नवं. परीक्षक म्हणतो, या क्षेत्रातल्या साधारण कुशल माणसाला हे सहज सुचलं असतं."

"हा साधारण माणूस राहतो कुठे?" बाबा हसले.

तो फक्त कायद्यात राहतो. १९६६ साली नांगराच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आधी काय माहीत होतं, नव्यात फरक काय आणि त्या धंद्यातलं साधारण कौशल्य किती, हे तपासा. २००७ साली गाडीच्या पेडलच्या खटल्यात म्हटलं, की हा माणूस म्हणजे नुसतं यंत्र नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असते. त्याची पातळी ठरवताना त्या क्षेत्रातल्या अडचणी, जुने उपाय, तंत्राची गुंतागुंत, काम करणाऱ्यांचं शिक्षण असं सगळं बघतात. पातळी फार वर धरली तर खरा शोधही सोपा वाटतो. फार खाली धरली तर किरकोळ बदलालाही पेटंट मिळतं.

"मला तर सोपंच वाटतंय," मी म्हटलं. "कुणालाही सुचलं असतं."

बाबा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आमच्या शॉपमधली एक प्रेस फार दणके द्यायची. मी तिच्या पायाखाली रबर आणि कॅनव्हासचे थर आलटून पालटून घातले. साहेब म्हणाले, हे तर कुणालाही सुचलं असतं. अगं, पण ८ वर्षं कुणालाच सुचलं नव्हतं."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"साहेबांचंही खरं असेल. रबर काय, सगळेच घालतात. पण त्यांनी उत्तर बघून मग प्रश्न सोपा ठरवला."

बाबांच्या थरांना पेटंट मिळालं असतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण गरज जुनी असूनही उपाय कुणाला सापडला नव्हता, ही गोष्ट कायदाही पुराव्यात धरतो. आणि मीसुद्धा आकृती आधी बघितली होती, अडचण नंतर वाचणार होते.

टिपणातलं 'हे उघडच आहे' हे वाक्य मी खोडलं. चहा गार झाला होता. या अस्तराची अडचण किती वर्षं पडून होती, त्या तारखा शोधायला बसले.