गादी सरकली त्याची गोष्ट

मेकॅनिकलच्या पोराला तिसऱ्या वर्षापर्यंत एक सवय जडतेच. काहीही बिघडलं की तो विचारतो, "रिपेअर होईल की पार्ट बदलायचा?" मागच्या उन्हाळ्यात हाच प्रश्न आमच्या घरी आला, फक्त पार्ट बाबांच्या कण्यातला होता.

बाबा एस.टी.चे ड्रायव्हर. वीस वर्षांहून जास्त काळ स्टेअरिंगवर बसलेले. आधी कंबर धरली, मग डाव्या पायात थेट अंगठ्यापर्यंत करंट लागल्यासारखी कळ जाऊ लागली. एम.आर.आय. काढला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. धंतोलीत तीन डॉक्टर, तीन मतं! एक म्हणाले थांबा, दुसरे म्हणाले तुकडा काढू, तिसरे म्हणाले स्क्रू टाकून मणके जोडू. बाबा मला म्हणाले, "तू तर इंजिनिअर होऊन राहिला ना? मग सांग, काय करू?"

मग मी वाचायला बसलो. पहिला उपाय डिस्केक्टॉमी, म्हणजे नसेवर दाब देणारा तुकडा काढणे. पायातली कळ सरकलेल्या गादीमुळे येते आणि ऑपरेशनने थांबू शकते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली दाखवून दिले. दुसरा उपाय फ्यूजन. गादी काढून तिथे हाड बसवायचे आणि दोन मणके एकजीव करायचे. आपल्याकडे या शस्त्रक्रियेसाठी मूळ गोव्याचे, मुंबईचे डॉ. पी. एस. रामाणी प्रसिद्ध आहेत. मणका डळमळत असेल तर हा उपाय कामाचा. पण एक सांधा जाम झाला की लोड शेजारच्या सांध्यावर जातो. तिसरा उपाय कृत्रिम गादी. दोन धातूच्या चकत्या, मध्ये प्लास्टिकचा गाभा! बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९८४ साली ती पहिल्यांदा बसवली गेली. ती घडवणाऱ्यांपैकी एक डॉ. कॅरिन ब्युटनर-यान्झ, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकलेली खेळाडू. मात्र मणक्यांचे मागचे सांधे झिजले असतील तर ही गादी चालत नाही.

पण माझे डोळे उघडले ते २००७ च्या एका डच अभ्यासाने. सहा ते बारा आठवडे पाय दुखणारे २८३ रुग्ण; काहींचे लवकर ऑपरेशन, बाकीच्यांनी थांबायचे. लवकर ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते! थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागले, बाकीच्यांना नाही.

म्हणजे ऑपरेशन बऱ्याचदा वेळ विकत घेते. आणि आमच्याकडे वेळच नव्हता. रजा संपत आलेली, बहिणीची फी भरायची. बाबांनी दोन महिने फिजिओथेरपी केली, कळ हटेना, तेव्हा साधी डिस्केक्टॉमी करून घेतली. पायातली कळ गेली. कंबर अजून कुरकुरते, कारण झिजलेली गादी काही नवी झाली नाही. पण बाबा ड्युटीवर आहेत.

मित्रांनो, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. एरवी डॉक्टरांना "कोणतं ऑपरेशन?" असं विचारण्याआधी विचारा, "थांबलो तर काय होईल?"