स्वस्त वाद्याची पारख

ग्रंथपरीक्षणें लिहून लिहून आमची लेखणी बोथट झाली असली, तरी वाद्यपरीक्षणाचा प्रसंग आजवर आमच्यावर आला नव्हता. तो गेल्या महिन्यांत आमच्या कन्येनें आणला. तिला विजेवर वाजणारी बेस गिटार हवी होती, आणि आम्हांला ती २५,००० रुपयांच्या आंत हवी होती. "अहो, महिन्याभरानं माळ्यावर गेली तर?" असा प्रश्न स्वयंपाकघरांतून आला. तो कन्येबद्दल होता कीं आमच्याबद्दल, हें आम्हीं विचारलें नाहीं; कारण माळ्यावर एक सतार आधींच आहे.

ती आम्हीं कॉलेजांत शिकत असतांना जुन्या बाजारांत अल्प किंमतीस घेतली होती. पडद्यांवर तारा खडखडत होत्या, पण विकणारा म्हणाला, "वाजवतां वाजवतां जाईल." आठ महिने बोटें सोललीं, खडखड गेली नाहीं व सूरहि लागला नाहीं. आपणांस गळा नाहीं हें ठाऊक होतेंच. आतां कानहि नाहीं अशी खात्री होऊन आम्हीं ती बांधून ठेवली. पुढें वीस वर्षांनीं मिरजेच्या एका कारागिरानें ती पाहिली आणि दांडी वांकली असल्याचें सांगितलें. "हिच्यावर कुणाचाच सूर लागला नसता," तो म्हणाला. तोंपर्यंत आमचीं बोटें खडूलाच सरावलीं होतीं.

तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं आम्हीं मास्तरी संवयीनें थोडें वाचन केलें. लिओ फेंडर ह्या कॅलिफोर्नियांतील गृहस्थानें १९५१ सालीं जें वाद्य विक्रीस आणलें, त्यानें ही गिटार रूढ केली. त्यापूर्वीं खर्जाचें काम पुरुषभर उंचीच्या डबल बेसकडे असे. त्याला पडदे नसतात. स्वराची जागा वादकाच्या कानानें ठरते. फेंडरनें पडदे ठोकले आणि नांव ठेविलें 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा. नांव सार्थ खरें. परंतु हा अचूकपणा वादकाचा नसून पडदे बसविणाऱ्याचा आहे. सतारीचा पडदा सरकवितां येतो, हा येत नाहीं. कारखान्यांत चूक झाली, तर ती शिकणाऱ्याच्या नांवावर जमा होते.

दुकानांत दोन वाद्यें समोर आलीं. त्यांचीं नांवें आम्ही देत नाहीं; जाहिरात करावी किंवा अब्रू घ्यावी असा आमचा हेतु नाहीं. पहिलें सूर्यास्ताच्या रंगाचें, कन्येच्या डोळ्यांत भरलेलें. चौतीस इंची तारेच्या बरोबर मध्यावर बारावा पडदा येतो. तेथें बोट नुसतें टेकवून तार छेडली असतां निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर एकच असला पाहिजे. सर्वांत जाड तारेवर दाबलेला स्वर चढा निघाला. विक्रेत्यानें स्क्रू फिरवून घोडीचा तेवढा भाग मागें सरकविला, व तो दोष गेला. मग कन्येनें बारीक तार सातव्या पडद्यावर दाबली आणि ती खडखडली. आठवा पडदा केसभर उंच होता.

"वाजवतां वाजवतां जाईल, सर," विक्रेता म्हणाला.

आम्हीं तें वाद्य खालीं ठेवविलें. कन्या रुसली. "जेमर्सन तर तारासुद्धां बदलायचा नाही, बाबा. मोटाउनच्या एवढ्या गाण्यांत वाजवलं, तेही एका बोटानं!" जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) ह्या थोर वादकाविषयीं ती म्हणते तें खरें आहे. त्याचें नांव त्या ध्वनिमुद्रिकांवर बहुधा छापीतहि नसत, हें त्याहून वाईट. पण त्याचा हात आधीं डबल बेसवर तयार झालेला होता. चूक आपली कीं वाद्याची, हें त्याला कळत होतें. एकोणीस वर्षांच्या मुलीला तें कसें कळावें? आम्हांला कळलें नव्हतें.

दुसरें वाद्य काळें, निस्तेज. एक बटण ढिलें. तारेचें कंपन टिपणाऱ्या दोन चुंबकी वेटोळ्यांपैकीं एकाचा आवाज उतरविला कीं विजेची घूंघूं ऐकूं येई. दोन्हीं सारखीं ठेविलीं कीं ती मिटे. अशी घूंघूं महाग वाद्यांतहि आढळते, आणि ती स्वतःची चूक आहे असें कोणी मानणार नाहीं. पडदे मात्र आम्हीं एकूणएक दाबून पाहिले. अर्धा तास लागला. विक्रेत्यानें दुसरें गिऱ्हाईक पाहिलें.

काळें वाद्य घरीं आलें. ध्वनिवर्धकाचा खर्च आम्ही हिशेबांत धरावयास विसरलों होतों, तो वेगळा झाला. त्याविषयीं स्वयंपाकघराचा अभिप्राय येथें देत नाहीं. जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. ती छेडली कीं मांडणीवरचीं ताटें थरथरतात. काल रात्रीं एकच जागा सात-आठ वेळां चुकली. आम्ही चष्मा लावून दारांत जाऊन उभे राहिलों.

"गिटारला कांहीं झालं नाहीये, बाबा," ती मान वर न करतां म्हणाली, "माझंच बोट उशिरा पडतंय." आणि तिनें पुन्हां सुरुवात केली.