पोटाचं झालं की अंगाचं

आमच्या वाड्यातल्या घरात आरसा एकच होता. ओसरीच्या खांबाला, पुरुषांच्या दाढीच्या बेताने टांगलेला. बायकांना त्यात कपाळावरचं कुंकू तेवढं दिसे आणि आम्हा पोरांना निव्वळ आढं. सुरकुती कधी आली, कुठे आली, हे बघायची कुणाला सवडही नव्हती आणि सोयही.

म्हणून कातडीची निगा राखत नसत असं नाही. फक्त तिचा नंबर शेवटचा. पोटाचं झालं की अंगाचं, हा घरचा शिरस्ता. साय आधी विरजणात जायची. पातेल्याच्या कडेला चिकटून राहिलेली बोटभर साय हळद कालवून लग्न ठरलेल्या आत्याच्या वाट्याला. संत्री आजारी माणसासाठी यायची, पण साल साऱ्या घराची. ती सुपात पसरून उन्हात वाळवायची. डब्याच्या तळाशी उरलेली फुटकी मसूर जात्यावर भरडायची. चेहऱ्यासाठी म्हणून वाटीत काढलेलं डाळीचं पीठ, ऐनवेळी पाहुणे आले तर, बिनबोभाट भज्यांकडे वळायचं. “तोंड काय, उद्याही आहे,” असं आजी म्हणे, आणि ते खरंही होतं.

अँटिऑक्सिडंट हा शब्द घरातल्या कुणाच्या कानावरून गेला नव्हता. तरी चिरलेलं वांगं लगेच पाण्यात टाकायचं, नाहीतर काळं पडतं, हे सात वर्षांच्या पोरीलाही पाठ. हवेतला ऑक्सिजन लागला की फोडीचा रंग बदलतो. कातडीत चालतं तेही काहीसं असंच, फक्त फार सावकाश. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत मुक्त मूलकं नावाचे खोडकर रेणू तयार होतात आणि कातडी ताठ ठेवणाऱ्या कोलॅजेनच्या धाग्यांची मोडतोड करतात. म्हातारपणामागे ही मूलकं असावीत, असं डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं. झाडाला तर पळून सावलीत जाता येत नाही. ते दिवसभर उन्हात उभं, म्हणून आपल्या पानाफळांत संरक्षणाची रसायनं, म्हणजेच अँटिऑक्सिडंटं, साठवतं: क आणि ई जीवनसत्त्व, कॅरोटिनॉइडं, पॉलिफेनॉलं. आपण ती आयती खातो.

आणि खात होतो ते किती! कार्तिकात आवळे आले की घरभर तुरट वास. मोरावळा, आवळ्याचं लोणचं, मीठ लावून वाळवलेली आवळासुपारी, शिकेकाईत घालायची आवळकाठी. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं आणि बोटं दोन्ही काळीनिळी, कारण आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळतं. म्हणून आई तो पितळी किसणीवर किसायची. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व त्या एवढ्याशा फळात, आणि ते नसेल तर शरीराला धड कोलॅजेन बांधता येत नाही. पाकात शिजवताना त्यातलं बरंचसं जातं, हे आता कळतं. पण मोरावळ्याच्या बरणीपाशी पकडला गेलेला कुठलाही मुलगा जीवनसत्त्वासाठी तिथे गेलेला नसायचा. आवळ्याच्या औषधाने म्हाताऱ्या च्यवन ऋषींना तारुण्य परत मिळाल्याची गोष्ट आजी सांगे, आणि आजोबा नेमाने विचारत, “मग मला का नाही मिळालं?”

कोकणातल्या आजोळहून मे अखेरीस आमसुलांचं गाठोडं यायचं. त्याचा तो जांभळट लाल रंग अँथोसायनिनचा, आणि सालीत गार्सिनॉल नावाचं आणखी एक अँटिऑक्सिडंट. आमसूल आमटीत पडायचं, सारात पडायचं, पित्त उठलं की त्याचं पाणी अंगाला चोळायचे. बियाही टाकायच्या नाहीत. त्या कुटून, उकळून वर आलेल्या कोकमतेलाचा पांढरट गोळा वळायचा आणि थंडीत निखाऱ्यावर जरासा पातळ करून टाचांच्या भेगांत भरायचा. पोटाचं झालं की अंगाचं, ते असं.

टोमॅटोचं सार असो की शेवग्याच्या पाल्याची भाजी, तेलाच्या फोडणीशिवाय पान वाढलं जात नसे. टोमॅटोतलं लायकोपीन आणि पाल्यातलं कॅरोटीन तेलातच विरघळतं, तेलाबरोबरच अंगी लागतं. हळदीतलं करक्युमिनही तसं सहजी रक्तात उतरत नाही. त्याला मिरीची सोबत लागते, आणि खोकल्याच्या दुधात मिरपूड असायचीच. १९९५ साली हळदीने जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं तेव्हा आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने आपापल्या गुडघ्याकडे पाहिलं असेल. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने जुन्या पोथ्या आणि छापील लेख पुढे ठेवले, १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. त्या दिवशी घरात गोडाधोडाचं झालं होतं, निमित्त वेगळं असूनही श्रेय हळदीला गेलं.

एवढं सगळं असून आमच्या घरच्या बायका तरुण दिसत होत्या का? जुने फोटो काढून पाहिले तर नाही. पस्तिशीतली काकू पन्नाशीची वाटते. चुलीचा धूर, बाळंतपणं, सगळ्यांच्या मागून जेवायची रीत. आजोळची मावशी रोज आमसूल खायची, तरी शेतावरच्या उन्हाने तिचा चेहरा चाळिशीतच रेघारेघांचा झाला. उन्हाला आमसुलाचा धाक नसतो. तिच्या डोक्यावरचा पदर जिथवर सावली धरायचा, तिथवरची कातडी मात्र शेवटपर्यंत नितळ होती. घरगुती उपायांचे गोडवे गाताना ही बाजू सोयीस्कर विसरली जाते. लिंबाची सालही सरसकट चेहऱ्याला चोळायचे. तसं करून उन्हात गेलं की चट्टे उठतात, हेही आमच्यातल्या काहींना चांगलं ठाऊक आहे.

उटण्याची गोष्ट वेगळी. ते उरल्यासुरल्यातलं नव्हतं, त्याच्यासाठी पैसे मोडले जायचे. दसरा झाला की मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून कागदी पुड्या यायच्या: नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला कचोरा, आंबेहळद, बावची. खलबत्त्यात कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, उरलेला चोथा पुन्हा कुटायचा. घरभर शिंका. नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटलेला, पाटावर कुडकुडणारं पोर, अंगाला तिळाचं तेल आणि त्यावर ते खरखरीत उटणं. मोती साबण नंतर, आणि तोही सगळ्यांत मिळून एकच.

त्या पुड्यांतली बावची, म्हणजे वैद्यांची बाकुची, काळी, मिरीएवढी, उग्र वासाची. आम्ही ती कुटत होतो त्याच सुमाराला, आमच्याच पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुखदेव आणि त्यांचे सहकारी तिच्यातून एक नवा पदार्थ वेगळा काढत होते. १९६६ साली त्यांनी तो बाकुचिऑल या नावाने प्रसिद्ध केला. सायकलने जाण्याच्या अंतरावर हे चाललं होतं आणि आम्हाला पत्ता नाही! तोच बाकुचिऑल आज काचेच्या इवल्या बाटलीत, थेंब मोजायच्या नळीसकट, नातीच्या कपाटात आहे. २०१९ साली त्वचारोगांच्या एका ब्रिटिश नियतकालिकात ४४ जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी आली: सुरकुत्यांवर नेहमी लावतात त्या रेटिनॉलइतक्याच सुरकुत्या आणि डाग याने कमी झाले, आणि कातडीची सालं निघणं, चुरचुरणं कमी. चाचणी लहानच, पण बाटलीची किंमत तिच्या मानाने भलतीच मोठी.

आता दरवर्षी दिवाळीआधी चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सअॅप गटावर उटण्याचं प्रमाण निघतं आणि भांडण जुंपतं. प्रत्येकाकडे आजीचं म्हणून वेगळंच प्रमाण. यंदा त्वचारोगतज्ज्ञ भाचीने बावचीवर बंदी घातली. बाटलीतला बाकुचिऑल गाळूनसवरून शुद्ध केलेला असतो, तिने समजावलं. पण अख्ख्या बीत सोरालेन असतं, त्याने कातडी उन्हाला हळवी होते, वैद्य कोडावर बावची लावून उन्हात बसवायचे ते त्याचसाठी. त्यावर अमेरिकेतल्या थोरल्या वहिनींचं उत्तर आलं, की आपल्याकडे अभ्यंग उजाडायच्या आत व्हायचं आणि उटणं खळखळून धुऊन निघायचं, उन्हाची गाठ पडायचीच कुठे? भाचीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. वहिनींनी चिमूटभर बावची घातलीच, आणि डाळीचं पीठ कमी पडलं म्हणून मसुरीचं वाढवलं. त्या दिवशी त्यांच्याकडे भजी होती.