ब्रेमेनचा चौक

पुण्यांत औंध भागांत ‘ब्रेमेन चौक’ या नांवाचा एक चौक आहे. पुणें आणि जर्मनींतील ब्रेमेन या दोन नगरांत पुष्कळ वर्षांचा स्नेहसंबंध आहे, त्याची ती खूण. त्या चौकांतून मी असंख्य वेळां गेलों असेन. परंतु मूळचें ब्रेमेन कसें असेल हा विचार माझ्या मनास कधीं शिवला नव्हता. गेल्या आश्विनांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां जर्मनीस गेलों, तेव्हां आमच्या मंडळींनीं आरंभींच बजावून ठेवलें, “बाकीचें कांहीं राहिलें तरी चालेल, पण ज्या गांवाचें नांव इतकीं वर्षें तोंडांत आहे, तें एकदां डोळ्यांनीं पाहावयाचें.”

आगगाडीच्या स्टेशनापासून पायीं पंधरा मिनिटांत आपण चौकांत येऊन पोंचतों. पहिल्या दृष्टीस तो लहानच वाटतो. पण मध्यभागीं उभें राहून चोहोंकडे पाहिलें म्हणजे त्याची मांडणी ध्यानांत येते. उत्तरेस राटहाउस म्हणजे नगरसभागृह; त्याच्या शेजारीं पूर्वेच्या अंगास दोन उंच मनोऱ्यांचें संत पीटरचें प्रार्थनामंदिर; आणि दक्षिणेस, सभागृहाच्या अगदीं समोर, व्यापारी मंडळाची ‘शुटिंग’ नांवाची वास्तु. राज्य, धर्म आणि पैसा हे तिघेहि येथें एकमेकांवर नजर ठेवून उभे आहेत! पूर्वेकडे १९६६ सालीं पुरी झालेली विधिमंडळाची इमारत आहे. जुन्या वास्तूंच्या पंक्तींत ती मला उपऱ्यासारखी वाटली. पुतण्यास मात्र ती आवडते. ब्रेमेन हें नुसतें शहर नव्हे. ब्रेमरहाफेन बंदरासह तें जर्मनीच्या सोळा घटकराज्यांपैकीं एक, आणि सर्वांत लहान, असें राज्य आहे. म्हणून येथें नगराध्यक्ष तोच राज्याचा प्रमुख, आणि त्याची कचेरी आजहि या राटहाउसमध्येंच आहे.

राटहाउसची मूळ इमारत १४०५ ते १४१० या काळांत उभी राहिली. पुढें दोनशें वर्षांनीं, १६०८ ते १६१२ मध्यें, लुडर फॉन बेंथहाइम या स्थपतीनें तिला चौकाच्या बाजूस सध्यांचें नक्षीदार मुख दिलें. खालीं कमानींची ओसरी, वर मोठमोठ्या खिडक्या, मधोमध चढत गेलेलें शिखर, आणि सर्वांवर हिरवें पडलेलें तांब्याचें छप्पर. खिडक्यांच्या मधून सम्राट आणि त्याची निवड करण्याचा अधिकार असलेले सात सत्ताधीश यांचे पुतळे आहेत. हे मूळ बांधणीच्या वेळचे. नवें मुख देतांना ते काढून टाकले नाहींत. (आज तेथें प्रतिकृति असून मूळ पुतळे संग्रहालयांत नेले आहेत.) ओसरीच्या एका कमानीवर पिलें घेऊन बसलेली कोंबडी कोरलेली आहे, आश्रय शोधीत आलेल्या कोळ्यांना अशाच एका कोंबडीनें ही जागा दाखविली, अशी गांवाच्या जन्माची कथा सांगतात.

परंतु या चौकाचा खरा धनी म्हणजे सभागृहापुढें उभा असलेला रोलंड. साडेपांच मीटर उंचीचा हा दगडी वीर १४०४ सालचा आहे. उजव्या हातांत उपसलेली तरवार, छातीशीं ढाल, तोंडावर किंचित् हसूं, आणि दृष्टि समोर प्रार्थनामंदिराकडे. रोलंड हा शार्लमान सम्राटाचा सरदार. ७७८ सालीं पिरेनीज पर्वतांत सैन्याची पिछाडी राखतांना तो पडला. मराठी माणसास येथें बाजीप्रभूंची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पण रोलंडचा आणि ब्रेमेनचा प्रत्यक्ष संबंध कांहींच नाहीं. मग तो येथें कां?

त्याचें उत्तर त्याच्या दृष्टीच्या रोखांत आहे. त्या काळीं ब्रेमेनवर आर्चबिशप आपली सत्ता सांगे. आणि व्यापारानें सधन झालेल्या नागरिकांस ती नको होती. आम्ही केवळ सम्राटाचें मानूं, मधल्या धन्याचें नव्हे, हा त्यांचा बाणा. ढालीवरील लेखांत हेंच कोरलें आहे कीं, शार्लमाननें व इतर राजांनीं या नगरास स्वातंत्र्य दिलें. याच्या आधींचा रोलंड लाकडाचा होता. १३६६ सालीं आर्चबिशपच्या लोकांनीं तो जाळून टाकला, तेव्हां नागरिकांनीं दगडाचा केला. गमतीची गोष्ट अशी कीं, त्याच सुमारास नगराच्या कारभाऱ्यांनीं आपल्या जुन्या हक्कांच्या बनावट सनदाहि तयार करविल्या होत्या, असें इतिहासकारांनीं दाखवून दिलें आहे. म्हणजे स्वातंत्र्य मिळालें म्हणून पुतळा नव्हे, तर मिळवावयाचें म्हणून पुतळा! सम्राटानें स्वतंत्र नगर म्हणून ब्रेमेनला रीतसर मान्यता दिली ती १६४६ सालीं.

रोलंडच्या दोन गुडघ्यांमधील अंतर म्हणजे जुन्या ब्रेमेनचें कापड मोजण्याचें माप, सुमारें पंचावन्न सेंटिमीटर, आपल्या हिशोबानें सव्वा हात. मापांत खोट करणाऱ्या व्यापाऱ्यास भर बाजारांत उत्तर देणारा हा वीर मला तरवारीच्या वीराहून अधिक आवडला.

त्याच्या पावलांमध्यें एक पांगळा मनुष्य कोरला आहे. एम्मा नांवाच्या सरदारपत्नीकडे लोकांनीं गुरांसाठीं कुरण मागितलें, तेव्हां तासाभरांत एका माणसास जेवढ्या भूमीला प्रदक्षिणा घालतां येईल तेवढी देईन, असें ती म्हणाली. वारसदार दीर उपहासानें म्हणाला, “तासच कां? दिवसभर घालूं द्या.” तिनें होकार देतांच त्यानें मुद्दाम एक पांगळा निवडला, पण तो दिवसभर सरपटत राहिला, आणि गांवास पुरून उरेल एवढी जमीन त्यानें वेढली. ही कथा ऐकतांच आमची मंडळी म्हणाली, “हा तर उलटा वामन!” तें कुरण आज स्टेशनाच्या मागें आहे. १०३५ सालच्या बाजाराच्या हक्काची परंपरा सांगणारी मोठी जत्रा ऑक्टोबरांत तेथें भरते. आम्ही गेलों ते जत्रेचेच दिवस असल्यामुळें रोलंडच्या गळ्यांत मसालेदार केकचा भला मोठा बदाम अडकविलेला होता.

राटहाउस आंतून पाहावयाचें तर मार्गदर्शकाबरोबरच जावें लागतें. वरचें दालन सुमारें चाळीस मीटर लांब, आणि मध्यें एकहि खांब नाहीं. छतास जुन्या जहाजांच्या प्रतिकृति टांगल्या आहेत, त्यांवर बारक्या तोफासुद्धां आहेत. भिंतीवर शलमोन राजाच्या न्यायाचें १५३२ सालचें चित्र. कारण याच दालनांत न्यायनिवाडा चाले. गरजू खलाशांच्या साहाय्यार्थ १५४५ पासून चालत आलेलें मेजवानीचें व्रत दर फेब्रुवारींत येथेंच पार पडतें. तळघरांतील मद्यालयांत १६५३ सालच्या द्राक्षारसाचें पिंप आहे म्हणतात. त्याविषयीं आम्हीं ऐकलें आणि पुढें चाललों.

तळघराविषयीं आणखी एक वदंता आहे. रोलंड उभा आहे तोंपर्यंत ब्रेमेन स्वतंत्र राहील अशी लोकांची समजूत. म्हणून वेळप्रसंगीं चटकन् उभा करतां यावा यासाठीं खालीं दुसरा रोलंड दडवून ठेवला आहे! बाईंनीं हें सांगतांच सगळे हंसले. आमच्या मंडळींनीं मात्र पुतण्यास हळूच विचारलें, “मग हिटलरच्या वेळीं हा पडला होता का रे?”

“नाहीं काकू,” तो म्हणाला, “जागेवरच होता.”

१९३३ च्या मार्चांत नाझी पक्षानें ब्रेमेनचा कारभार बळकावला, आणि शतकानुशतकें जपलेलें नगराचें स्वराज्य कांहीं दिवसांत संपलें. १९४१ च्या नोव्हेंबरांत येथील चारशेंहून अधिक यहुदी स्त्रीपुरुष मिन्स्कला धाडले गेले. त्यांतून परत आलेले अगदीं थोडे. युद्धांत रोलंडभोंवतीं भिंत बांधून त्यास जपलें, राटहाउसचें मुखहि झांकलें. बाँबवर्षावानें शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, हीं दोन मात्र वांचलीं. माणसांसाठीं तशी भिंत कोणीं बांधली नाहीं. १९४५ सालीं विल्हेल्म कायझेन या जुन्या कारभाऱ्यास अमेरिकन सैनिकांनीं शेतांतून बोलावून आणलें. नाझी अंमलांत तो शहराबाहेर शेती करून राहिला होता. वीस वर्षें नगराध्यक्ष असतांहि त्यानें तें शेतावरचें घर सोडलें नाहीं. १९४७ त ब्रेमेन पुनः स्वतंत्र राज्य झालें. २००४ सालीं राटहाउस आणि रोलंड यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली.

बाहेर आलों तों दिवेलागण झाली होती. राटहाउसच्या पश्चिम कोपऱ्याशीं गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकमेकांच्या पाठीवर उभे आहेत. ग्रिमबंधूंच्या गोष्टींतील वादकांचें हें शिल्प १९५३ सालीं गेर्हार्ट मार्क्स यांनीं घडविलें. गाढवाचे पुढील पाय धरून इच्छा बोलावी म्हणजे ती फळास येते, अशी समजूत असल्यामुळें ते पाय सोन्यासारखे झळकत असतात. आमच्या मंडळींनीं दोन्ही हातांनीं ते घट्ट धरले, डोळे मिटले, आणि बराच वेळ कांहीं पुटपुटल्या. काय, तें मीं विचारलें नाहीं. मग पुतण्या म्हणाला, “काका, दोन्ही हातांनीं धरावे हं! एकाच हातानें धरले तर येथले लोक म्हणतात, एक गाढव दुसऱ्याशीं हस्तांदोलन करीत आहे.”

मी त्यापूर्वींच एका हातानें आटोपून मोकळा झालों होतों.